मासे बघायला बेंगळुरूला

बेंगळुरूला जाणारे लोक बागा बघतात, साड्या घेतात आणि तिथल्या हवेचं कौतुक करत परत येतात. मी जानेवारीत तिथे सहा दिवस राहिलो आणि मासे बघून आलो. तेही पाण्यातले नव्हेत, पडद्यावरचे. एकाही माशाला हात लावला नाही. ज्यांच्या पोटात मी डोकावत होतो ते मासे समुद्रापलीकडच्या थंड देशांत, सिमेंटच्या हौदांत पोहत होते.

हे प्रवासवर्णन म्हणून लिहायला घेतलं आहे, पण ते सरळ लिहायचं तर माझ्या धंद्याबद्दलही सरळ लिहावं लागेल. ते मी आजवर केलेलं नाही. मिरजेत मला ओळखणाऱ्यांनी हे वाचलं तर वाचू दे. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी सोनोग्राफीचा डॉक्टर. वय अठ्ठ्याहत्तर. मिरजेतलं माझं सेंटर बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ विनायक बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. सहा वर्षांपूर्वी तो गेला. त्याची बायको सुधा मल्लेश्वरममधल्या घरात राहते, आणि मुलगी मुक्ता तिथल्याच एका छोट्या कंपनीत आहे. डिसेंबरात मुक्ताचा फोन आला.

"मोठे काका, तुम्हाला माशांची सोनोग्राफी वाचता येईल का?"

"माशांची? त्यांना काय दिवस गेलेत?"

"नाही हो. नर की मादी, एवढंच सांगायचं."

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"काका? आहात ना?"

आहे म्हणालो. येतोही म्हणालो. का म्हणालो ते मला त्या दिवशी नीट कळलं नव्हतं.

मिरज ते मल्लेश्वरम

गाडीतलं सांगण्यासारखं काही नाही. बेळगाव गेलं, हुबळी गेलं आणि सकाळी यशवंतपूर आलं. मुक्ता न्यायला आली होती. रस्त्यावर गर्दी असते म्हणून मेट्रोने जायचं ठरलं. मेट्रोत शिरताना सामान यंत्रातून जातं. माझी पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेली बाई पिशवीकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागली.

"इदु एनु, अज्जा?" हे काय आहे, आजोबा.

भडंगाचा पाच किलोचा डबा होता. सुधाला मिरजेहून दुसरं काय न्यायचं? मला कन्नड समजतं, पण वेळेवर तोंडात येत नाही. मुक्ता म्हणाली, "मंडक्की, अक्का." ती बाई हुबळीकडची निघाली. हसली, डबा उघडायला लावला, मूठभर हातावर घेतलं आणि मग पट्टा सोडला. मी वाकून तिच्या पडद्यावर बघितलं होतं. चपला, चष्म्याचं घर, औषधाच्या बाटल्या, सगळ्यांना कडा होत्या. डब्याच्या आत मात्र नुसता ढग. न कळणारी गोष्ट पडद्यावर कशी दिसते ते मी फार वर्षांनी बघत होतो. आणि तिला कळलं नाही म्हणून तिने विचारलं, हेही माझ्या लक्षात राहिलं.

सुधाच्या दारात तिकडची रांगोळी होती. आपल्याकडे ठिपके जोडतात, तिकडे रेघ ठिपक्यांना न शिवता त्यांच्याभोवती वळसे घेत जाते आणि जिथून निघाली तिथे येऊन मिळते. सुधा माहेरची मिरजेची, पण चाळीसहून जास्त वर्षं मल्लेश्वरममध्ये. आता तिच्या आमटीत रसमचा मसाला असतो आणि बोलण्यात तिकडचे शब्द, 'बरं'च्या जागी 'सरी'.

"या भाऊजी. वाळलात."

"वय झालं."

"सरी, सरी. आधी कॉफी घ्या, मग वय मोजा."

जेवणाच्या टेबलाच्या कडेला एक दिवा होता, वाकणाऱ्या दांड्याचा, त्याच्या मधोमध भलं मोठं भिंग. सुधा त्याखाली तूरडाळ निवडत होती.

"हा कुठला दिवा?" मी विचारलं.

"कारखान्यातला. मी सोडलं तेव्हा लिलावात निघाला होता. ह्यांनी आणला." इतकं बोलून ती डाळीकडे वळली.

सुधा लग्नाआधीच डिप्लोमा करून त्याच कारखान्यात लागली होती. यंत्रांच्या पट्ट्यांवर बारीक तारा डाग देऊन जोडायचं तिचं काम. विनायक म्हणायचा की तिच्या हातचा जोड कधी परत येत नाही. मग एकदा तिने नोकरी सोडली. मुक्ता लहान होती म्हणून सोडली असेल, असं मी धरून चाललो होतो.

एचएसआर लेआउट

सोमवारी मुक्ताच्या कंपनीत गेलो. एचएसआर लेआउट म्हणजे शहराचं दुसरं टोक. टॅक्सीला दीड तास लागला आणि मुक्ता म्हणाली, आज लवकर आलो. कंपनी म्हणजे एका घराचा दुसरा मजला. चपला बाहेर काढायच्या. काचेच्या दारावर कोणीतरी एक कागद चिकटवला होता, वर कन्नड, खाली इंग्रजी, ठळक अक्षरांत: येथे लिंगनिदान केले जाते.

मुक्ताने तो ओढून काढला. "पोरांचा चावटपणा आहे काका. कितीदा सांगितलं, कोणी बघितलं तर काय म्हणेल."

मी हसलो असं तिला वाटलं असावं.

माझ्या सेंटरच्या भिंतीवर याच्या बरोबर उलट पाटी होती. येथे केले जात नाही, अशी. ती मी पेंटरकडून चांगल्या अक्षरात रंगवून घेतली होती.

काम समजावून द्यायला नागराज नावाचा मुलगा होता. मंगळूरकडचा, मासेमारांच्या घरातला. माझ्याशी तो हिंदीत बोलायचा. स्टर्जन नावाचा मासा माणसाहून लांब वाढतो, पाठीवर हाडांच्या ढाली असतात. त्याची गाबोळी म्हणजे कॅव्हिअर, जगातलं महागडं खाणं. पण मादीला गाबोळी धरायला कितीतरी वर्षं लागतात आणि तोवर नर कोण, मादी कोण हे बाहेरून दिसत नाही. म्हणून मासा तीन-चार वर्षांचा झाला की त्याला हौदातून काढून उताणा धरतात आणि पोटावर प्रोब टेकवतात. मादी परत हौदात जाते. नर मांसासाठी जातो. ही चित्रं कंपनीकडे येतात. वाचायला संगणकाला शिकवायचं आहे, आणि त्यासाठी आधी माणसाने वाचायला हवीत.

"सर, हमारे गाँव में बांगड़े को कोई नहीं पूछता, तू लड़का कि लड़की. सीधा तवे पे," नागराज म्हणाला. "इधर उल्टा है. लड़की निकली तो पेड़ा!"

टेबलाभोवतीची मुलं हसली. मी चष्मा पुसला.

पडद्यावर चित्र यायचं आणि त्याखाली तीन बटणं. नर. मादी. तिसऱ्यावर लिहिलं होतं, सांगता येत नाही. पहिली शंभर चित्रं जुनी, ज्यांची उत्तरं माहीत आहेत अशी दिली, माझी परीक्षा म्हणून. नराचं वृषण पडद्यावर गुळगुळीत दिसतं, ताटात थापून सुरीने कड सारखी केलेल्या वडीसारखं. मादीचं अंडाशय कोवळं असताना ढगाळ, दाणेदार, कड नसलेलं. दहा चित्रांत माझा डोळा बसला. हात अजून तसाच चालतो याचा मला अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. जेवायच्या आधी शंभर संपवली.

मुक्ता डोकावली. "काका, तिसरं बटण एकदाही नाही?"

"मला लागत नाही," मी म्हणालो.

मंगळवारी निकाल दाखवला. शंभरातली एकोणीस चुकली होती. बहुतेक चुका एकाच प्रकारच्या. मादीला मी नर म्हटलं होतं. मुक्ताने एक चित्र उघडलं आणि शेजारी त्याच माशाचा कापल्यानंतरचा फोटो. पोट चिरलेलं, पिवळी चरबी, आणि चरबीच्या घडीत खसखशीहून बारीक दाणे.

"ही मादी होती," मुक्ता म्हणाली. "तिथल्या माणसानेही नर म्हणून वाचली, म्हणून कापली. तुम्ही तेच केलंत. बघा, ही कड चरबीची आहे. तुम्हाला कड दिसली की तुम्ही लगेच निकाल देता काका. आत बघतच नाही."

"मग काय करायला हवं होतं?"

"थर्ड बटण. नाही कळलं तर मासा परत पाण्यात सोडतात. पुढच्या वर्षी पुन्हा बघतात. एक वर्षाचं खाणं जास्त लागतं, बस."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ बाहेर आलो नाही. नागराज दाराशी येऊन विचारून गेला, सर, तब्येत?

जे मिरजेत घडलं होतं

आता इथे प्रवास थांबवून ते सांगतो.

माझ्या सेंटरमध्ये बायका पोट दाखवायला यायच्या आणि बाहेर बाकावर त्यांचे नवरे, सासवा बसायच्या. मुलगा की मुलगी हे मी तोंडाने कधी सांगितलं नाही. रिपोर्ट लिफाफ्यात घालून द्यायचो. मुलगा असला की लिफाफा चिकटवायचा, मुलगी असली की उघडा द्यायचा. बाहेरच्यांना ते माहीत असायचं. गावोगावच्या दवाखान्यांनाही माहीत होतं. कायदा आमच्या राज्यात आला होता आणि मी तो वाचलाही होता. किती उघडे लिफाफे दिले ते मी लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा मोजलेही नाहीत. पुढे मी हे थांबवलं ते मन बदललं म्हणून नव्हे, तपासण्या सुरू झाल्या म्हणून.

मुक्ता चार वर्षांची असताना सुधाला पुन्हा दिवस गेले. विनायक तिला मिरजेला घेऊन आला, घरचंच सेंटर म्हणून. आमच्या आईला नातू हवा होता, विनायकला मुलगा. मी सुधाच्या पोटावर प्रोब ठेवला. बाहेर येऊन विनायकला लिफाफा दिला, उघडा.

तो म्हणाला, "दादा, ती तयार व्हायची नाही. तिला काहीतरी सांग."

काय सांगायचं ते त्याने सांगितलं नाही. ते मी ठरवलं. बाळाच्या पाठीचा कणा जुळलेला नाही, असं मी सुधाला सांगितलं आणि लिफाफ्यातला रिपोर्ट बदलून तसा दुसरा लिहिला. सुधा रडली नाही. तिने फक्त विचारलं, "कशाने झालं असेल भाऊजी?" मी म्हणालो, कशानेही होतं. दोन दिवसांनी शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात सगळं उरकलं.

ही गोष्ट आम्हा तिघांना माहीत होती. आई गेली, विनायक गेला. उरलो मी.

सँकी तलाव

बुधवारी मुक्ता म्हणाली, आज सुट्टी घ्या, डोळ्यांना विश्रांती द्या. सकाळी सुधा मला सँकी तलावावर फिरायला घेऊन गेली. मल्लेश्वरममधली म्हातारी माणसं तिथे तलावाभोवती भराभर चालतात, स्वेटर, मफलर, पायात पांढरे बूट. दोघांनी तिला "नमस्कार अक्का" म्हटलं. मला दम लागला तशी ती बाकावर बसली.

पाण्यात मासे होते. वर येऊन तोंड उघडून परत जात होते.

"मुक्ता सांगत होती, तुम्ही माशांची पोटं वाचता म्हणून," सुधा म्हणाली. "तिथेही तसा दोष दिसतो का हो? कण्याचा?"

"नाही. ते बघत नाहीत."

"मी कधी बोलले नाही तुमच्याशी." ती पाण्याकडे बघत होती. "तुम्ही म्हणाला होतात, कशानेही होतं. पण मला माहीत होतं कशाने झालं ते. डाग देताना धूर येतो ना, शिशाचा. चौथ्या महिन्यापर्यंत मी त्या धुरात तोंड घालून बसत होते. हे म्हणत होते रजा घे. मला बढती मिळायची होती. मी नाही घेतली."

"सुधा..."

"स्वल्प ऐका. म्हणून मी सोडलं. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी राजीनामा. सगळे म्हणाले वेडी आहेस, सरकारी नोकरी. पण त्या टेबलाशी बसले की वाटायचं, आपणच केलं हे." ती जरा हसली. "मुक्ताला भाऊ असता नाहीतर बहीण असती. माझ्या हौसेपायी नाही. आता सांगून टाकलं, बरं वाटलं. तुम्ही डॉक्टर, तुम्हाला कळेल."

चौतीस वर्षं ती हे धरून बसली होती. खोटं मी सांगितलं आणि त्यासाठी गुन्हेगार मात्र ती स्वतःच शोधत गेली, आणि तिला ती स्वतःच सापडली. असं होईल हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. कशानेही होतं, असं म्हणून मी माझ्यापुरता मोकळा झालो होतो.

त्याच बाकावर बोलायला हवं होतं. उठलो आणि म्हणालो, ऊन चढलं.

गुरुवारी पुन्हा प्रयत्न केला. आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आडव्या रस्त्याच्या, बाजूला बेन्ने डोसा मिळतो. लोण्याचा गोळा वर वितळत असतो आणि आपल्याकडच्या डोशापेक्षा तो जाड, मऊ असतो. खाणारे उभ्याने खातात. दोन घास झाल्यावर मी "सुधा, मला जरा" एवढं म्हणालो आणि माझ्याच कोपराने चटणीची वाटी शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या धोतरावर सांडली. तो बिचारा "परवागिल्ला, परवागिल्ला" म्हणत राहिला, काही हरकत नाही म्हणून. सुधा पाणी घेऊन धोतर पुसायला लागली. माझ्या चुका पुसायची तिला सवयच लागली आहे, असं मनात आलं, आणि मी डोशाचे पैसे द्यायला वळलो.

शुक्रवार

शनिवारी दुपारची गाडी होती, म्हणून शुक्रवारी मी कंपनीत गेलो नाही. मुक्ता एकटी गेली.

जानेवारीत मल्लेश्वरमच्या फुटपाथवर अवरेकाळूचे ढीग लागतात. आपल्या पावट्याची बहीण म्हणायला हरकत नाही. आपण वाल भिजवून, मोड आणून सोलतो आणि डाळिंब्यांची उसळ करतो. तिकडे ओले दाणे भिजत घालतात आणि दोन बोटांत दाबून सालातून सुळकन बाहेर काढतात. त्याला हितकिद बेळे म्हणतात. काम सोपं, पण ढीगभर. सुधाने मधे पातेलं ठेवलं, एका बाजूला ती, एका बाजूला मी. विनायकचा फोटो समोरच्या भिंतीवर होता.

"सुधा, मिरजेतल्या त्या सोनोग्राफीचं सांगायचंय."

"काय?"

"धुराने काही झालं नव्हतं. कणा नीट होता. रिपोर्ट मी खोटा लिहिला."

तिच्या बोटांतला दाणा उडून जमिनीवर गेला. तिने वाकून तो उचलला, पदराला पुसला आणि पातेल्यात टाकला.

"का?"

मी सांगितलं. आईचं, विनायकचं, उघड्या लिफाफ्याचं. कण्याचं सुचलं ते मलाच, तेही सांगितलं. विनायकवर ढकलावंसं वाटत होतं. तो फोटोतून नाकारायला येणार नव्हता.

"म्हणजे ह्यांना माहीत होतं."

"होतं."

"शेवटच्या आजारात दोनदा म्हणाले, सुधा, दादाला बोलावून घे. मला वाटलं भेटावंसं वाटतंय. मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, गुडघे दुखतायत."

मला आठवत होतं. गुडघे तेव्हा दुखत नव्हते.

ती उठली. हात धुतले, कोरडे केले. कपाटातून मुक्ताच्या मार्कशीटची प्लास्टिकची फाइल आणली. सगळ्यात मागे माझ्या सेंटरचा लिफाफा होता. पिवळा पडलेला. त्याच्या झाकणावरचा डिंक तसाच, कधी न भिजलेला. तिने रिपोर्ट बाहेर काढला, भिंगाचा दिवा ओढून घेतला आणि माझी सही वाचत बसली. मग दिवा तसाच ठेवून विचारलं,

"मुलगी होती. नक्की?"

हो म्हटलं असतं तर निदान रडायला तिला एक मुलगी मिळाली असती. तिला तेवढंच हवं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण एकोणीस चुकलेली चित्रं डोळ्यांसमोर होती. आणि ते चित्रही होतं, सुधाचं. ते मी विसरलेलो नाही. जुनं मशीन, मधे नाळ आलेली, बाळ पाय मिटून पाठमोरं. मी वाट बघायला हवी होती. पंधरा दिवसांनी ये म्हणायला हवं होतं. पण बाहेर माझा भाऊ बसला होता आणि डॉक्टरांचा डोळा चुकत नाही असं गावात सगळे म्हणत होते.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "तेव्हाही येत नव्हतं. मी सांगून टाकलं."

पंख्याखाली सालं सुकत होती. खाली कोणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं.

"आणि कणा?" ती म्हणाली. "का तोही अंदाजच?"

"नाही. पाठमोरं होतं ना, कणा पूर्ण दिसत होता. मण्यांच्या दोन ओळी असतात, मानेपासून खालपर्यंत. एकही मणी निसटलेला नव्हता. ते मी नीट बघितलं होतं."

"लिहून द्या."

"काय?"

"रिपोर्ट. लिहून द्या."

तिने मुक्ताच्या वहीचा कागद फाडून दिला. मी लिहिलं. रुग्णाचं नाव. गर्भ सोळा आठवड्यांचा. हृदयाचे ठोके नियमित. पाठीचा कणा पूर्ण, कोणताही दोष नाही. लिंग सांगता येत नाही. आधीचा रिपोर्ट मी जाणूनबुजून खोटा लिहिला होता.

तिने कागद भिंगाखाली धरून वाचला, एकेक ओळ, पूर्वी ती जोड तपासायची तसा. मग पेन मागून घेतलं आणि सोळावर काट मारली.

"सतरा आठवडे, चार दिवस," ती म्हणाली. "आता सही करा."

मी सही केली. नवा कागद तिने फाइलमध्ये ठेवला. जुना रिपोर्ट लिफाफ्यात घालून माझ्यापुढे सरकवला.

"हे तुमचं. घेऊन जा."

"सुधा, मी..."

"मुक्ताला मी सांगेन. तुम्ही नाही." ती पुन्हा पातेल्याशी येऊन बसली आणि दाणे दाबायला लागली. बऱ्याच वेळाने, माझ्याशी नव्हे, म्हणाली, "मला बढती मिळणार होती."

दुपारी तिने मला वाढलं. हितकिद बेळ्यांचं सारू, भात, वर तूप. फार चांगलं झालं होतं. ती स्वतः जेवली नाही. मी ताटावरून उठू शकलो नाही.

शनिवारी निघताना मी दारात म्हणालो, "येतो." आपल्याकडे यावर "या" म्हणतात. सुधा म्हणाली, "सरी." आणि रांगोळीवर माझा पाय पडू नये म्हणून हात धरून मला बाजूने काढलं.

मिरज

मुक्ताने मला गाडीत बसवलं तेव्हा तिला अजून काही माहीत नव्हतं. तिने पाण्याची बाटली दिली, पाया पडली आणि म्हणाली, "काका, उन्हाळ्यात परत या, तुमच्याशिवाय माशांचं कठीण आहे." त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी केला तर उचलत नाही. सुधाने सांगितलं, एवढं त्यावरून कळतं.

लिफाफा टेबलाच्या खणात आहे. तो मी कुठे टाकू शकत नाही.

कंपनीचं काम मात्र थांबलेलं नाही. ते नागराजकडून येतं. आता येतात ती जुनी चित्रं नव्हेत, जिवंत माशांची असतात. इकडे मी बटण दाबलं की तिकडे दुसऱ्या दिवशी मासा हौदात राहतो नाहीतर मांसासाठी जातो. परवा नागराजने लिहिलं, सर, तुमचे तिसरे बटण सगळ्यांपेक्षा जास्त आहे, फार्मचे लोक कुरकुर करतात, जरा कमी करता येईल का? मी उत्तर लिहिलं, नाही.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला वीस चित्रं येतात. मी प्रत्येकाला वेळ देतो. कड दिसली तरी आत बघतो. ज्याचं कळत नाही त्याला परत पाण्यात सोडतो. पुढच्या वर्षी त्यातले नर किती निघतील आणि माद्या किती, हे मला कोणी कळवणार नाही.